सिंकखालची टपटप आणि माझे ४,८०० रुपये

सिंकखालचं कपाट उघडलं की कुबट वास यायचा. कचऱ्याच्या डब्याखालचा प्लायवूड फुगला तेव्हा कुठे कळलं, की वरून थेंब पडतायत. नेहमीचा प्लंबर गावी गेलेला, म्हणून ऑनलाइन नंबर शोधून एकाला बोलावलं.

मोबाइलचा टॉर्च मारून दोन मिनिटांत तो म्हणाला, "ताई, भिंतीतला पाइप गेलाय. खालच्यांच्या छताला ओल आली तर खर्च तुमच्याच गळ्यात." खालच्या काकूंशी आधीच एकदा वाजलेलं, त्यामुळे मी घाबरले. त्याने भिंतीच्या तोंडाशी थोडं खणलं, पांढरं सिमेंट भरलं, सिंकची जाळी आणि तिच्याखालचा बॉटल ट्रॅप (पाणी पाइपात नेणारा बाटलीसारखा भाग) बदलला, नटांवर एमसील थापलं. ४,८०० रुपये, पावती नाही. जुनं सामान "मी टाकतो" म्हणून पिशवीत भरून घेऊन गेला. त्यातली जाळी पितळेची होती, हाताला चांगली जड. भंगारात तिचे पैसे येतात हे मला नंतर सुचलं. त्याने बसवलेली प्लास्टिकची.

बारा दिवसांनी पुन्हा टपटप.

तोवर आमचा प्लंबर परतला होता. त्याने आधी सगळे सांधे फडक्याने कोरडे केले आणि बूच लावून सिंक काठोकाठ भरला. खाली थेंब नाही, म्हणजे जाळीचा वॉशर ठीक. मग बूच काढून सगळं पाणी एकदम सोडलं आणि एकेका सांध्याला टिश्यू पेपर लावत गेला. ट्रॅपच्या वरच्या नटाशी कागद भिजला. भिंत ठणठणीत कोरडी.

एमसील खरवडून नट उघडला, तर आतला रबरी वॉशर उलटा! त्याची निमुळती बाजू सांध्याच्या तोंडात जायला हवी आणि सपाट बाजू नटाकडे. तो उलटा बसला तर नट कितीही आवळा, पाणी वाट काढतंच. इथे तर पान्याने आवळून प्लास्टिकच्या नटाला केसासारखी चीर पाडलेली. हे नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्यायचा असतो म्हणे. आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळली होती. या सांध्यात पाणी वॉशर अडवतो, आटे नाही, तेव्हा ती टेप नुसती शोभेची.

नट-वॉशर ६० रुपये, मजुरी ३००. पहिल्यांदाही बहुधा जुना वॉशर कडक झाला असणार, असं तो म्हणाला. भिंतीतला पाइप गळला असता तर ओल भिंतीवर उमटली असती, नटाला थेंब कशाला लोंबला असता? एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. तुमच्याकडे कोणी छिन्नी काढली तर आधी सिंक भरून सोडायला लावा, आणि काढलेला प्रत्येक भाग तुमच्या ओट्यावर ठेवून घ्या.

त्या पहिल्या माणसाला फोन केला. "ताई, तुम्ही उकळतं पाणी ओतलं असेल," म्हणाला. पितळेच्या जाळीचं विचारलं, तर फोन कट. तेव्हापासून उचलत नाही.