ईसीटू स्पॉट: बोली गेली ते बरं झालं

माझे वडील कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडते. सौद्याला गुळाच्या रव्यांभोवती व्यापाऱ्यांचा गराडा पडतो, बोली चढत जाते आणि शेवटची बोली ज्याची, त्याने तोच भाव द्यायचा. त्यामुळे ॲमेझॉनची ईसीटू स्पॉट सेवा घेताना मी आधी तिचा जुना लिलाव समजून घेतला.

डेटा सेंटरमध्ये पडून असलेली संगणक-यंत्रं स्वस्तात भाड्याने देणारी ही सेवा २००९ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिथे दुसऱ्याची बोली दिसत नसे आणि यंत्र मिळालेल्या सगळ्यांना त्या घडीचा एकच भाव लागे. दहा रुपये बोललात आणि भाव दोन निघाला, तर दोनच द्यायचे. मग खरी किंमत कोण बोलणार? भाव बोलीच्या वर गेला की यंत्र जाई; ते हातचं जाऊ नये म्हणून लोक अव्वाच्या सव्वा बोलायचे, आणि असे बरेच जण एकदम भिडले की भाव नेहमीच्या भाड्याच्याही वर जायचा. एकेकट्याची चाल बरोबर, भुर्दंड मात्र सगळ्यांना. २०१७ च्या अखेरीस कंपनीने बोलीची गरजच काढून टाकली. आता भाव दीर्घकाळची मागणी आणि पुरवठा पाहून हळूहळू हलतो. माझ्यासारख्या छोट्या माणसाला यामुळेच ही सेवा परवडते.

माझं काम उसाच्या फडांचं. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण पाच दिवसांनी येतात. त्यांचे तुकडे करून मी ॲमेझॉनच्या मुंबई विभागातल्या (रीजन) यंत्रांवर रात्रभर चालवतो. कंपनीला यंत्र परत हवं असलं की दोन मिनिटं आधी सूचना येते. माझी स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी ती तपासते. परवा रात्री सव्वादोनला सूचना आली; झालेले तुकडे साठवणीत गेले, दुसऱ्या यंत्राने पुढचे उचलले. सकाळी नोंदी पाहिल्या, तर एकच तुकडा पुन्हा करावा लागला होता.

सुरुवातीला मी सर्वांत स्वस्त प्रकारच्या यंत्रावर अडून बसायचो. पण त्यावर सगळ्यांचाच डोळा, त्यामुळे तेच आधी काढून घेतलं जातं. आता सात-आठ प्रकार चालतील असं सांगतो आणि भाव व शिल्लक क्षमता दोन्ही पाहून निवडणारा पर्याय लावतो. हा पर्याय २०२२ मध्ये आला. तो जरूर वापरा.

एक गोष्ट मात्र खटकते. लिलावात भाव बोलका होता, चढला की टंचाई आहे हे कळायचं. आताचा शांत भाव ते सांगत नाही. जागा मिळण्याची शक्यता दहापैकी गुणांत दाखवतात, पण किती यंत्रं शिल्लक आहेत तो आकडा कंपनीकडेच राहतो. यार्डात आवक किती झाली ते फळ्यावर दिसतं.

सवलत ९० टक्क्यांपर्यंत म्हणतात. मला साधारण ६५ टक्के पडते. डेटाबेस आणि शेतकऱ्यांना दिसणारं पान मी नेहमीच्या भाड्याच्या यंत्रावरच ठेवलंय. बांधावर उभा राहून फोन उघडणाऱ्याला दोन मिनिटांची सूचना देता येत नाही.