२०१२ सालची शातो दिकेम आणि माझे ११,१६५ पौंड

लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना "वाइनमध्ये गुंतवा" म्हणून फोन येतात, हे काही नवीन नाही. असले फोन मीही कितीदा आपटले आहेत. त्यामुळे "एवढा शिकलेला माणूस फसला कसा?" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा.

आकडे लपवत नाही. पहिले गेले १,३८० पौंड. शातो दिकेम या फ्रान्सच्या महागड्या गोड वाइनची २०१० सालची सहा बाटल्यांची पेटी. काही महिन्यांनी फोन करणाऱ्या कंपनीनेच ती १,६१० ला विकून दिली आणि पैसे खरंच माझ्या खात्यात आले. २३० पौंड नफा. हे आमिष होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल, पण तेव्हा पासबुकात रक्कम दिसत होती ना! मग ९,५२० पौंड, २०१२ सालच्या चार पेट्यांचे, पेटीला २,३८०. आणि शेवटी "हाँगकाँगचं गिऱ्हाईक मिळालंय, तिथलं आयातशुल्क आणि विमा भरा" म्हणून १,८७५. तो पहिला नफा वजा करूनही ११,१६५ पौंडांना चुना. रुपयांत बारा लाखांच्या वर.

मला दारूची हौस नाही. माझं घर दिंडोरीकडचं, द्राक्षाचं. फोनवरच्या त्या गोड बोलणाऱ्या माणसाने हे गप्पांत काढून घेतलं आणि मग मला बागायतदार म्हणूनच हाताळलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा भाग आहे, दिकेमचा मळा तिथलाच. तिथे सीरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते. शरदात सकाळी धुकं, दुपारी ऊन. त्या दमट हवेत मण्यांवर बोट्रायटिस बुरशी धरते, मण्यातलं पाणी उडतं, साखर उरते. तोडणी एकदाच होत नाही. मजूर पुन्हा पुन्हा बागेत शिरतात आणि तयार झालेलेच मणी काढतात. एका वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन. बोर्दोच्या वाइनची दर्जानुसार जी १८५५ ची वर्गवारी आहे, तिच्यात सोतेर्नच्या सगळ्या मळ्यांच्या वरचा दर्जा दिकेम या एकाच मळ्याला दिलेला आहे. दोनशेहून जास्त वर्षं तो ल्युर-साल्युस घराण्याकडे होता, आता एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीकडे आहे.

हे सगळं खरं आहे. त्यांच्या माहितीपत्रकातली एकेक ओळ मी ताडून पाहिली, एकही खोटी निघाली नाही. माल तेवढा खोटा.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. "दादा, आपण भुरी दिसली की रात्री फवारे काढतो, आणि तू कुजक्या मण्यांना लाख मोजतोय?" मी त्यालाच बुरशीबुरशीतला फरक समजावत बसलो.

आता ते पान, ज्याच्यामुळे अजून रात्री झोप उडते. गुळगुळीत कागद, वर मुकुट छापलेला. खाली लिहिलेलं, की हा मळा इतका काटेकोर आहे की पीक मनासारखं नसेल तर त्या सालची दिकेम बाजारात येतच नाही. सालं दिली होती: १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. केवढा अभिमान! यादी १९९२ ला संपत होती. त्यापुढचं साल होतं २०१२. त्या शरदात पावसाने बाग बिघडवली आणि डिसेंबरमध्ये मळ्याने स्वतः जाहीर केलं की या वर्षी दिकेम नाही. शेजारच्या स्युदुइरो आणि रियुसेक या मळ्यांनीही तेच केलं. यादीतलं एक साल गाळलं आणि नेमकं तेच मला विकलं. चार पेट्या!

नेटवर मिनिटात सापडतं म्हणे. सापडतं की, पण काय शोधायचं ते आधी सुचायला हवं. मी दर बघितले, पत्ता बघितला, कंपनी सरकारी नोंदणीत आहे का तेही बघितलं. होती. (ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवणं किती स्वस्त आहे ते एकदा बघा, म्हणजे त्या नोंदणीची किंमत कळेल.) हाँगकाँगने वाइनवरचं शुल्क २००८ मध्येच शून्यावर आणलंय, हेही मला १,८७५ भरल्यावर समजलं.

भांडं फुटलं ते वाइनच्या एका दुकानात. मी सहज २०१२ चा भाव विचारला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, ती निघालीच नाही." घरी येऊन, कंपनीने दिलेल्या मालकीच्या प्रमाणपत्रावर ज्या गोदामाचं नाव होतं त्याला फोन लावला, पण कागदावर छापलेल्या नंबरवर नाही, नेटवरून शोधलेल्या नंबरवर. हे लक्षात ठेवा. माझ्या नावाचं खातंच नव्हतं. रोटेशन नंबर, म्हणजे गोदाम मालाला देतं तो नोंदणी क्रमांक, बनावट. बाँडमधला (म्हणजे कर न भरता सरकारमान्य गोदामात ठेवलेला) माल तुमच्या स्वतःच्या नावावर हवा, विकणाऱ्याच्या नाही, आणि ते गोदामाने सांगायला हवं, दलालाने नव्हे.

पुढचा तमाशा ऐका. पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, क्रमांक मिळाला, मग छापील पत्र: तपासाला पुरेसे धागे नाहीत. अहो, बँक खात्याचा नंबर दिला, नाव दिलं, फोन दिला, अजून कसले धागे? दोरखंड देऊ का? वित्तीय नियामक म्हणाला, वाइन आमच्या कक्षेत नाही. तेही खरंच, इथे वाइनच्या गुंतवणुकीवर नियमन नाही, भरपाई योजनाही नाही. कौन्सिलने हेल्पलाइनकडे पाठवलं, हेल्पलाइनने पोलिसांकडे. पोलीस म्हणाले, तक्रार आधीच नोंदली आहे. बँकेचं उत्तर तर तोंडपाठ झालंय: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला, आणि पैसे परदेशी खात्यात गेले म्हणून परतफेडीचा नियम लागू नाही. लंडनची कंपनी परदेशी खातं का देते, हे दोनदा पैसे पाठवताना बँकेतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवसाआड फोनवर सुरक्षेचे सल्ले मात्र पाठवतात!

सगळ्यात चीड आणणारा फोन नंतर आला. "तुमचे पैसे मिळवून देतो, आधी ९५० पौंड फी." माझी रक्कम त्यांना पौंडापर्यंत माहीत होती. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, दुसरं काय. एक पैसा देऊ नका.

ती कंपनी आता नोंदणीतून गेलीय. त्याच पत्त्यावर नवीन नावाने व्हिस्कीची पिंपं विकणं चालू आहे. असा फोन आला तर पिंप कोणत्या गोदामात आहे ते विचारा, गोदामाशी स्वतः बोला, आणि ज्यांच्याकडे २०१२ च्या दिकेमची प्रमाणपत्रं आहेत त्यांनी पाकिटासकट जपून ठेवा. पाकिटावर टपालाचा शिक्का आणि तारीख असते, माझ्याकडचं मी फेकून दिलं होतं.