कायाकमधून जिताडा गरवायला कुठला रॉड, कुठले लुअर (नकली आमिषं)

निकाल आधीच सांगून टाकतो. घोडबंदरच्या नाहीतर पनवेलच्या खाडीत कायाक घालून जिताड्याच्या मागे लागायचं असेल तर साडेसहा ते सात फुटांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा जास्त ताकदीचा) स्पिनिंग रॉड घ्या, तीन हजारांच्या आसपासचा भरपूर झाला, आणि उरलेले पैसे लाईन, लीडर (लाईन आणि हुकाच्या मधला जाड तुकडा) आणि हुकात घाला. दहा हजारांचा रॉड घेऊन त्याला सगळ्यात स्वस्त हुक लावणारे लोक खूप बघितलेत, हुक सरळ होऊन मासा सुटतो आणि शिव्या नशिबाला देतात.

यूट्यूबवर नदीतलं बास फिशिंग म्हणून जे दिसतं ते बहुतेक अमेरिकेतलं, तो लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास आपल्या नद्यांत नाही. आपल्याकडे ती जागा जिताड्याची. आडोसा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की झडप घालायची ही सवय सारखीच, त्यामुळे तिकडच्या रॉडची मापं इथे बरीचशी चालतात. पण तिकडचे लोक गोड्या पाण्यात असतात, आपल्याकडे खारं पाणी, तिवरांची मुळं, पुलाच्या खांबांना चिकटलेली कालवं, आणि स्वतः जिताडा असा की तोंड आतून खरखरीत, कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार की बोट कापतं. म्हणून त्यांची शॉपिंग लिस्ट जशीच्या तशी उचलू नका.

जागेबद्दल थोडक्यात. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या वरून वळून वसईच्या खाडीला जाते, कोलशेत, गायमुख, घोडबंदर ही बाजू त्याच पाण्यावर. नवी मुंबईवाल्यांना बेलापूर-उलव्याच्या बाजूची पनवेल खाडी जवळ. ऐरोली ते वाशी पुलांच्या मधला ठाणे खाडीचा पश्चिमेचा पट्टा मात्र विसरा, ते 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळालाय, तिथे गळ घेऊन घुसायचं नाही. आणि धरणांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय कायाक पाण्यात घालू नका, उगाच भांडणं होतात.

आता रॉड. जेट्टीवर उभं राहून टाकायचा नऊ-दहा फुटी रॉड कायाकमध्ये बेकार. लांबी एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मागचा दांडा. आपण बसलेलो, अंगात लाइफ जॅकेट, आणि रॉडचा बुंधा दर कास्टला जॅकेटच्या बकलात अडकतो, दहा मिनिटांत डोकं फिरतं. दुकानात गेलात की रीलच्या जागी मूठ धरा आणि बुंधा हाताखाली लावून बघा, कोपराच्या पुढे दोन इंचांपेक्षा जास्त जात असेल तर खाली ठेवा, कंपनी कुठलीही असो. हे माप दुकानदार स्वतःहून कधीच सांगत नाही, त्यांचं सगळं लक्ष कार्बन किती टक्के त्यावर.

मग एकदम आखूड का नको? कारण मासा लागला की तो हमखास कायाकच्या पुढच्या टोकाखालून पलीकडे जातो, आणि तुम्ही उठून फिरू शकत नाही, रॉडचं टोक कायाकच्या नाकापुढून वळवून लाईन पलीकडे न्यावी लागते. पाच-साडेपाच फुटी रॉडने ते जमत नाही, लाईन कायाकच्या कडेला घासते आणि गेलं. उलट सात फुटांच्या वर गेलं की आपण पाण्यापासून जेमतेम फूटभर वर बसलेले असल्यामुळे मिनोला (छोट्या माशाच्या आकाराचा कडक लुअर) खालच्या दिशेने झटके देताना टोक पाण्यावर आपटतं. म्हणून मिनो आणि पॉपर (पाण्यावर आवाज करत चालणारा लुअर) जास्त वापरणार असाल तर साडेसहा, रबरी मासे जास्त वापरणार असाल तर सात. मला एकच ठेवायला सांगितला तर साडेसहाच ठेवेन.

दोन तुकडे म्हणतोय ते आपल्या घरांमुळे आणि लोकलमुळे. सात फुटी अख्खा रॉड वन बीएचकेच्या लिफ्टमध्ये, रिक्षात, हार्बरच्या डब्यात कुठे घालणार? एकसंध रॉडची संवेदना थोडी चांगली असते हे खरंय, पण आजकालच्या दोन तुकड्यांच्या जोडात फरक जाणवण्याइतका राहिलेला नाही. फक्त जोड अर्ध्या-एक तासाने दाबून बघत जा, सैल झालेल्या जोडावर मासा लागला तर तिथेच चिरतो. टेलिस्कोपिक मात्र घेऊ नका. ऑनलाइन आठशे-हजारात रील, लाईन, लुअर सगळं धरून किट मिळतं, फोटोत लय भारी दिसतं, माझ्या चुलत भावाने एका अशाच किटमधला आणला होता, त्यावर कार्बन लिहिलेलं आणि एका मध्यमशा शिंगाळ्याने वरचे दोन टप्पे एकमेकांत असे रुतवले की परत उघडलेच नाहीत. खाऱ्या पाण्यात टप्प्यांच्या आत मीठ-चिखल बसतो तो वेगळाच.

एक गोष्ट जरा गंभीर आहे. कार्बन रॉड वीज वाहून नेतो. खाडीवरून हाय टेन्शन लाईनी गेल्यात, रेल्वेच्या वायरीत 25,000 व्होल्ट असतात, त्यामुळे स्टेशनवर रॉड खोलूनच, कव्हरमध्ये, आडवा धरा, आणि पाण्यात वायरींच्या खालून जाताना रॉड होल्डरमधून काढून खाली आडवा ठेवा. वीज कडाडायला लागली तर गाशा गुंडाळा, मासा उद्या पण असतो.

स्पिनिंग (रॉडखाली लटकणारी रील) की बेटकास्टिंग (रॉडच्या वर बसणारी, ड्रम फिरणारी रील) यावर लोक तासन् तास भांडतात. बेटकास्टिंग अचूक असतं, तिवराच्या दोन मुळांच्या मधोमध लुअर ठेवता येतो, मान्य. पण संध्याकाळचा समोरून वारा, हातातलं वल्हं मांडीवर, कायाक वाहतेय, आणि त्यात रीलवर गुंता झाला तर तो सोडवेपर्यंत तुम्ही कुठल्या कुठे गेलेले असता. शिकायचं असेल तर तलावावर शिका. रील 3000 साइजची बस, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) नीट सरकणारा पाहिजे, किती किलोचा ते दुय्यम, कारण मोठा मासा कायाकलाच ओढतो, अर्धा ड्रॅग तर कायाकच असते. खांबांजवळ मात्र हेच उलटं पडतं, तो तुम्हाला ओढत खांबात नेतो, म्हणून तिथे आधी एका हाताने मागे वल्हवून बाहेर यायचं. रॉड एका हातात सांभाळता येईल एवढा हलका हवा तो यासाठी.

लाईन वीस ते तीस पौंडाची ब्रेडेड, म्हणजे विणलेली. पुढे चाळीस पौंडाचा मोनो (साधा नायलॉन) नाहीतर फ्लोरोकार्बन लीडर, निदान हात-दीड हात लांब, आणि प्रत्येक माशानंतर बोट फिरवून बघायचं, खरखर लागली की तेवढा तुकडा कापून परत बांधायचा. इथे आळस केला की पुढचा मासा गेला म्हणून समजा. रॉड घेताना गाइडच्या (लाईन ओवायच्या कड्यांच्या) रिंगांतून आतून थोडा कापूस फिरवा, कुठे तंतू अडकला तर ती रिंग तडकलीय, ती ब्रेडेड लाईन कापणार. नवीन रॉडमध्ये पण असं निघतं.

लुअरवर यायला उशीर झाला पण पैसे खरे इथेच जातात. आमच्याकडे दिवा गावाच्या बाजूचे एक आगरी काका आहेत, आयुष्यभर जिवंत कोलंबी लावून गरवणारे, माझा डबा बघून म्हणाले, "आरं यो खेलना हाय का मासं धराचा?" त्यांचं अगदीच चुकीचं नाही. डब्यातले अर्धे लुअर माणसांना गळाला लावायलाच बनवलेले असतात.

पहिला घ्यायचा तो चार इंची पॅडलटेल, म्हणजे शेपूट थरथरवणारा रबरी मासा, आणि त्यासाठी वीडलेस हुक, 5/0 मापाच्या आसपासचा, पोटाशी वजन असलेला. हुकाचं टोक रबरात लपलेलं राहतं त्यामुळे तिवरांच्या मुळांत, काटक्यांत, खाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत अडकत नाही, आणि आपल्या खाडीत माशांपेक्षा पिशव्या जास्त लागतात हे कोणी खोटं बोलू नये. उघड्या हुकाचा जिगहेड (डोक्याशी वजन असलेला हुक) पण ठेवा, दहा ते चौदा ग्रॅमचा, पुलाच्या खांबांजवळ खोल पाण्यात तो बरा. रंगांची चैन नको, गढूळ पाण्यात एक पांढरा, एक काळपट-सोनेरी, झालं. झी-मॅनचं रबर खूप ताणतं आणि टिकतं पण ते दुसऱ्या कंपनीच्या रबराबरोबर एका डब्यात ठेवू नका, दोन्ही वितळून चिकटतात.

दुसरा, चार-पाच इंची मिनो, शक्यतो सस्पेंडिंग, म्हणजे थांबवला की तरंगत वर न येता जागेवर लटकणारा. दोन झटके, मग थांबा, आणि जेवढं वाटतं त्याच्या दुप्पट थांबा, जिताडा त्या थांबण्यातच घेतो. रापालाचे चांगले आहेत, महाग आहेत, सात-आठशेच्या पुढे. त्या लॉरी रापालाने 1936 मध्ये फिनलंडात पहिला लुअर बुचाच्या लाकडातून कोरला होता, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळून, म्हणजे जखमी माशासारखं लडखडणं हाच सगळा खेळ, रंगरंगोटी नंतरची. बाजारात त्याच डिझाइनच्या दीडशे रुपयांच्या नकला मिळतात, काही पोहतात बऱ्या, पण पाण्यात टाकून बघितल्याशिवाय कळत नाही, कुठला एका कुशीवर जाईल सांगता येत नाही.

नकली असो नाहीतर असली, त्यावर येणारे तीन काट्यांचे हुक मी कायाकसाठी काढूनच टाकतो. जिताडा जबड्याने हलके हुक दाबून वाकवतो हे एक, आणि दुसरं म्हणजे मासा शेवटी तुमच्या मांडीवर येणार, तो डोकं झटकणार, आणि सुटे काटे कुठे रुततील याची कल्पना करा, समोर किनारा नाही, बरोबर कोणी नाही, हात माशाला अडकलेला. एकेरी जाड हुक लावा, त्याची उलटी आकडी पक्कडीने दाबून टाका. मासे थोडे जास्त सुटतात, सुटू देत. लिप ग्रिप (माशाचा जबडा धरायचा चिमटा) आणि लांब तोंडाची पक्कड दोरीने कायाकला बांधलेली पाहिजे, रॉडसुद्धा.

पॉपर मजेसाठी, पहाटे पाणी शांत असेल तर. आवाज करून येणारा मासा बघायला मिळतो एवढ्यासाठीच एक ठेवा.

गोड्या पाण्यात, बदलापूरच्या वर नाहीतर कल्याणकडे जिथे जलपर्णी साचते तिथे, गोष्ट वेगळी. तिथे मरळ, आणि मरळीला पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन हुक पाठीला चिकटून वर असतात त्यामुळे जलपर्णीवरून सरसर ओढता येतो, दुसरा कुठलाही लुअर तिथे दोन फूट सरकत नाही. अडीच-तीनशेला चांगला मिळतो. फक्त पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नका, लाईन जड लागू दे मग द्या. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका पृष्ठभागावर हलताना दिसला तर त्याच्या आजूबाजूला बेडूक टाकू नका, आईबाप राखणीला असतात, ते रागाने घेतात आणि मग पिल्लं उघडी पडतात. काही लोक मुद्दाम तेच करतात, त्यांना काय बोलणार.

कुठला लुअर चालेल हे डब्यापेक्षा तिथीवर जास्त ठरतं. उधाणाला, अमावस्या-पुनवेला, पाणी इतकं वर-खाली होतं आणि इतकं ढवळतं की लुअर माशाला दिसतच नाही, कायाक पण हाताबाहेर जाते. अष्टमीच्या आसपासचा भांग (भरती-ओहोटी कमी असते तो काळ) बरा, पाणी जरा निवळ, ओढ कमी. ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात तिवरांतल्या छोट्या ओहोळांच्या तोंडाशी पॅडलटेल टाका, आतलं पाणी बाहेर येताना बोयटाची पिल्लं, करंदी बाहेर पडते आणि जिताडा तोंडाशीच वाट बघत असतो. पण परत यायची वेळ आधी ठरवा, पाणी पूर्ण उतरलं की जेट्टी आणि कायाकच्या मधे मांडीभर चिखल असतो.

खायचं म्हणाल तर मी खाडीतला खात नाही, वरून कारखान्यांचं काय काय येतं ते सगळ्यांना माहितीये. जिताडा खायचा असेल तर पेण-अलिबागकडचा तळ्यात वाढवलेला घ्या. तसंही मोठा जिताडा बहुतेक मादीच असते, हा मासा आधी नर असतो आणि 80 ते 100 सेंटीमीटरच्या सुमारास मादी होतो, म्हणून मोठा लागला तर फोटो काढा आणि पाण्यातच सोडा.

खरेदी शक्यतो दुकानात जाऊन करा, बुंध्याचं माप आणि कापूस ऑनलाइन कसा फिरवणार. सगळं मिळून, म्हणजे रॉड, रील, लाईन, लीडर, एक पाकीट पॅडलटेल, हुक, एक मिनो, एक बेडूक, साडेआठ-नऊ हजारांत बसतं. दुकानदार म्हणेल सेट घ्या, डिस्काउंट देतो. सेटमध्ये रील सोडून बाकी सगळं बदलायला लागतं, सुटंच घ्या.