माळ्यावरचा अँटेना आणि फ्रीव्ह्यू : हॅरोत आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल. फ्रीव्ह्यू म्हणजे ब्रिटनमध्ये अँटेनावर मिळणारा मोफत डिजिटल टीव्ही. घर लंडनच्या वायव्येला हॅरोत, दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रसारण मनोऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे 25 किलोमीटर, कौलांखालच्या लॉफ्टमध्ये टांगलेला साधा लॉग-पिरिऑडिक (एका टोकाकडे आखूड होत जाणाऱ्या काड्यांचा) अँटेना, 18 मीटर नवी केबल, एक टीव्ही, आणि बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) नाही. ऑक्टोबर ते मे असा वापर. सहाही मुख्य मल्टिप्लेक्स (एकाच लहरीवरून एकत्र येणारे वाहिन्यांचे गठ्ठे) लागतात. बीबीसी आणि आयटीव्हीवाले तीन बिनघोर, व्यापारी तिघांपैकी एक मुसळधार पावसात अधूनमधून अडखळतो. सामान 60 पौंडांच्या आत आलं. मराठी वाहिनी यावर एकही नाही, त्यामुळे मालिकांच्या आशेने कुणी शिडी चढू नये. थेट कार्यक्रम बघायला टीव्ही लायसन्स लागतंच.

बूस्टर नाही हे मुद्दाम लिहिलं, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. लंडनचं ॲनालॉग प्रसारण 18 एप्रिल 2012 ला बंद झालं आणि क्रिस्टल पॅलेसचं डिजिटल 200 किलोवॉटवर गेलं. त्याआधी डिजिटल दबकत, कमी ताकदीने यायचं, म्हणून अनेक घरांत बूस्टर बसवले गेले. ते अजून माळ्यावर तसेच चालू आहेत. आता जोरदार सिग्नल आत घुसला की बूस्टर स्वतःच गुदमरतो आणि स्वच्छ सिग्नलची खिचडी करून पुढे पाठवतो. घरमालकाला वाटतं सिग्नल कमी पडतोय, तो आणखी मोठा बूस्टर आणतो.

आपली नजर ॲनालॉगवर घडलेली, घोळ तिथून सुरू होतो. तेव्हा सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, हळूहळू वाढायच्या, आणि गच्चीवर कुणीतरी अँटेना फिरवत "आता?" असं ओरडायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र शेवटपर्यंत लख्ख असतं आणि मग एकदम चौकोन पडतात, आवाज तुटतो, पडदा काळा. नुसतं चित्र बघून आपण कड्यापासून किती दूर आहोत ते कळत नाही. त्यासाठी टीव्हीच्या मेनूतली सिग्नलची पाटी उघडायची. तिथे ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. दोन्ही कमी असतील तर गळती आहे: केबल, जोड, अँटेनाची दिशा. ताकद 100 आणि गुणवत्ता मात्र वरखाली नाचत असेल तर सिग्नल जास्त झालाय किंवा बाहेरची ढवळाढवळ आहे. अशा वेळी 6 किंवा 10 डीबीचा (डेसिबलचा) ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा छोटा जोड, टीव्हीमागे लावून बघा. सिग्नल कमी केल्यावर चित्र सुधारलं, तर दुखणं कळलं. मीटर असेल तर भिंतीवरच्या सॉकेटला 45 ते 65 डीबी मायक्रोव्होल्ट मिळावेत.

गळती शोधायची ती टीव्हीच्या टोकाकडून. टीव्हीमागची हातभर फ्लाय-लीड आधी बदला. दोन-तीन पौंडांची ती वायर सर्वांत जास्त त्रास देते, कारण तिला नावापुरतीच जाळी असते. एचडीएमआय केबल तिला चिकटून असेल तर दोघींना वेगळं करा. हलक्या एचडीएमआय केबलमधून गळणारा गोंगाट नेमका एखादाच मल्टिप्लेक्स मारतो आणि माणूस बिचारा छपरावर चढतो.

मग जोड. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाला पिळून बसवायचा जोड) लावताना बाहेरचं आवरण साधारण 15 मिमी काढायचं, तांब्याची जाळी आणि फॉइल मागे दुमडायचं, पांढरा फोम कापून मधली तार मोकळी करायची आणि कनेक्टर पिळत घट्ट बसवायचा. फोम आतल्या कडेशी सपाट आणि तार तोंडाबाहेर 2 ते 3 मिमी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. तो केस डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या टॉर्चखाली भिंग धरून बघावा. जुन्या तपकिरी केबलची जाळी विरळ असते. फ्रिजचा किंवा बॉयलरच्या थर्मोस्टॅटचा खटका पडला की तिच्यातून ठिणगीचा गोंगाट आत येतो आणि चित्र क्षणभर अडकतं. फ्रिज चालू होतो त्याच क्षणी चौकोन पडतात का, हे एक संध्याकाळ बसून बघा. तसं असेल तर तांब्याची फॉइल आणि तांब्याचीच जाळी असलेली डब्ल्यूएफ-100 जातीची केबल टाका. इथल्या वारंवारतेवर 18 मीटरला ती साधारण 3 डीबी खाते, तेवढं परवडतं.

लॉफ्टबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर जमत असेल तर छप्परच बरं. कौलं सिग्नल खातात, ओली झाल्यावर जास्त. व्यापारी मल्टिप्लेक्स पावसात का कुरकुरतात याचं उत्तरही इथेच आहे. बीबीसी-आयटीव्हीचे दोन जुन्या पद्धतीचे मल्टिप्लेक्स 2/3 कोड-रेटवर (तीन भागांत दोन माहितीचे, एक चुका दुरुस्त करायला) चालतात, व्यापारी तीन 3/4 वर. चुका दुरुस्त करायची सोय त्यांच्यात कमी, म्हणून कडा आधी तेच गाठतात. छताच्या आतून फॉइलवालं इन्सुलेशन असेल किंवा मनोऱ्याच्या बाजूच्या उतारावर सोलर पॅनेल असतील, तर लॉफ्टचा नाद सोडा.

हॅरोहून मनोरा आग्नेयेला. काड्या आडव्या ठेवायच्या, आणि लॉग-पिरिऑडिकचं आखूड काड्यांचं टोक मनोऱ्याकडे. हे उलटं लावलेलं बऱ्याच घरांत दिसतं. लॉफ्टमध्ये अर्धा मीटर सरकवल्यावरही फरक पडतो, कारण पाण्याची टाकी, पाइप, डक्ट यांवरून लाटा परततात. घाई न करता चार-पाच जागा बघाव्यात, आणि दर वेळी सहाही मल्टिप्लेक्सची गुणवत्ता लिहून ठेवावी. एकाची सुधारते तेव्हा दुसऱ्याची पडते.

मल्टिप्लेक्सचे चॅनेल (वारंवारतेचे क्रमांक, वाहिन्यांचे नव्हेत) असे: 23, 26, 30 हे बीबीसी-आयटीव्हीचे (30 वर एचडी, तो डीव्हीबी-टी2 या नव्या पद्धतीचा), आणि 25, 22, 28 व्यापारी. म्हणजे 482 ते 546 मेगाहर्ट्झ. सगळं पट्ट्याच्या खालच्या टोकाला, त्यामुळे जुना ए-ग्रुपचा (खालच्या चॅनेलांसाठीचा) अँटेना धड असेल तर बदलायची गरज नाही. नवा घेताना 21 ते 48 वाला के-ग्रुप घ्यावा, त्यावरचे चॅनेल मोबाइलकडे गेले. जवळ 4जी किंवा 5जीचा खांब उभा राहिल्यावर त्रास सुरू झाला असेल तर मोबाइलचे सिग्नल अडवणारा फिल्टर बूस्टरच्या आधी लावायचा. नंतर लावून उपयोग नाही, तोवर बूस्टर गुदमरलेला असतो.

ऑटो-ट्यूनमध्ये कधी केंटच्या, कधी अँग्लियाच्या बातम्या 1 नंबरवर बसतात आणि लंडनच्या 800 च्या पुढे फेकल्या जातात. मॅन्युअल ट्यूनिंग असेल तर वरचे सहा आकडे एकेक करून भरा. नसेल आणि बातम्या केंटच्या बसत असतील, तर आधी अँटेना काढून पूर्ण स्कॅन करा, म्हणजे जुनी यादी पुसली जाते. मग अँटेना लावून पुन्हा स्कॅन, आणि स्कॅन 30 नंबरच्या चॅनेलपुढे गेला की प्लग उपसा.

वसंतात हवेचा दाब चढला की एखाद्या स्वच्छ, निवांत सकाळी सगळंच अचानक कोसळतं. समुद्रापलीकडचे, बेल्जियम-हॉलंडचे सिग्नल त्याच चॅनेलवर इथवर येतात. त्या दिवशी रिमोट खाली ठेवायचा. रिट्यून केलं तर चांगली यादी पुसली जाते आणि हवा बदलल्यावरही वाहिन्या परत येत नाहीत.