शिडाच्या जहाजातून आलेलं चॉकलेट: घ्यावं की नाही?

अ‍ॅमस्टरडॅमच्या चॉकलेटमेकर्स कंपनीचं ट्रेस ओम्ब्रेस हे डार्क चॉकलेट आमच्या घरी नेहमी येतं आणि इथले ओळखीचे मराठी लोक हमखास विचारतात की एवढे पैसे कशाला द्यायचे, सुपरमार्केटमध्ये याच्या निम्म्या किमतीत वडी मिळते की. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी चव. कोको डॉमिनिकन रिपब्लिकमधला. कडूपणा आहे पण घशाला लागणारा नाही, मागून मनुकांसारखी आंबटगोड चव येते आणि ती बराच वेळ तोंडात राहते. तुकडा चावून गिळायचा नाही, जिभेवर ठेवून विरघळू द्यायचा, मग कळतं. मुलांना आवडेलच असं नाही, माझ्या सासूबाईंना मात्र दुधाच्या चॉकलेटपेक्षा हेच आवडलं, साखर कमी म्हणून असेल कदाचित.

आता नाव. ट्रेस ओम्ब्रेस हे खरं तर ज्या शिडाच्या जहाजातून हा कोको येतो त्या जहाजाचं नाव आहे. १९४३ साली जर्मन नौदलासाठी बांधलेलं, साधारण ३२ मीटर लांबीचं लाकडी जहाज. आर्येन फान डर फेन, आंद्रेआस लाकनर आणि योर्ने लांगेलान या तीन मित्रांनी ते नव्याने उभं केलं, दोन डोलकाठ्या, शिडं, आणि इंजिन नाहीच, म्हणजे अडीनडीला चालवायला सुद्धा नाही! २००९ पासून फेअरट्रान्सपोर्ट या त्यांच्या कंपनीसाठी ते मालवाहतूक करतंय. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो ना, तेच वारे धरून युरोपातून दक्षिणेला कॅनरी बेटांकडे उतरायचं, तिथून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जायचं, रम, कोको, कॉफी भरायची आणि येताना उत्तरेकडचे पश्चिमी वारे पकडून अझोर्स बेटांवरून घरी. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, कारण वारा तसा वाहतो. खलाशांमध्ये थोडे पगारी आणि बाकी शिकाऊ, ते स्वतः पैसे भरून येतात, शिडं ओढायला, रात्रीचा पहारा करायला, सुकाणू धरायला शिकतात. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर फत्तेमाऱ्या आणि मचवे माल घेऊन मुंबईला जायचे, इंजिनं आली, रस्ते झाले आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन जहाज हाकणारे तांडेल एकेक करून गेले, ती विद्या परत कुणाकडून शिकणार आपण? इथे ती निदान नवीन पोरापोरींच्या हातात जातेय.

पण पर्यावरणासाठी म्हणून घेत असाल तर हिशोब नीट बघा, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात जहाजांचा वाटा साधारण ३ टक्के आहे, तो थोडका नाही, पण मोठं कंटेनर जहाज एका वेळी एवढा माल नेतं की एकेका वडीच्या वाट्याला फार कमी येतं. ढोबळ मानाने एक टन माल एक किलोमीटर न्यायला १० ते १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा, कॅरिबियन ते अ‍ॅमस्टरडॅम ८,००० किलोमीटर धरा, तर १०० ग्रॅमच्या वडीमागे ८ ते १२ ग्रॅम होतात. तुम्ही ती आणायला पेट्रोलच्या गाडीने एक किलोमीटर गेलात तरी दीडशेच्या आसपास जातात. आणि कोकोसाठी जंगल तोडलं असेल किंवा वडीत दूध पावडर असेल तर तो आकडा या सगळ्याच्या कितीतरी पुढे. म्हणून कोको कुठल्या शेतातला, शेतकऱ्याला भाव काय, झाडं सावलीखाली वाढवलीत का, हे आधी विचारायचं आणि शीड नंतर. हे चॉकलेट ऑरगॅनिक आहे आणि कंपनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून बिया घेते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ते पास.

मग शिडाचा उपयोग काय? ट्रेस ओम्ब्रेसमध्ये माल मावतो जेमतेम ४० टन, म्हणजे दोन कंटेनर सुद्धा भरणार नाहीत, त्यावर जगाचा व्यापार चालणार नाही हे उघड आहे. पण थेंबभर डिझेल न जाळता समुद्रापार माल येतो हे कुणीतरी वर्षानुवर्षं करून दाखवावं लागतं, त्याशिवाय पुढचं पाऊल कोण टाकणार? फ्रान्सच्या मोर्ले गावातल्या ग्रँ द सेल या कंपनीने २०२० मध्ये ५० टनांचं शिडाचं जहाज उतरवलं आणि २०२४ मध्ये थेट ३५० टनांचं. त्यांचंही कॉफी आणि चॉकलेट आहे, तिकडे गेलात तर बघा. मी जास्तीचे पैसे देते ते या कामासाठी, आणि चवीसाठी.

तक्रार एकच, वेष्टणावरून अमुक वडीतला कोको कुठल्या फेरीत आला हे मला समजत नाही, आणि एवढी सुंदर गोष्ट असताना ती तारखेसकट छापायला हवी.

आणि कृपा करून हे कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवू नका. विमानाने गेलं की एका वडीमागे तीनशे ग्रॅमच्या वर कार्बन होतो, म्हणजे समुद्रात जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट एका पार्सलमध्ये उडालं. दिवाळीला इथल्याच शेजाऱ्यांना द्या, सायकलवरून जाऊन आणा. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या फेरीच्या तारखेसाठी कापला.