एमजीबीसाठीचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनात कॉन्टॅक्ट पॉइंट्सच्या (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांच्या) जागी बसणारा हा संच मी वापरतो आहे आणि त्याबद्दल मनापासून समाधानी आहे. मोड्यूल (संचातील इलेक्ट्रॉनिक भाग) आणि चुंबकाचे कडे डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना क्रमाने वीज पोचवणाऱ्या भागाच्या) टोपणाखाली झाकले जाते. गाडीचे मूळ रूप जवळपास तसेच राहते, आणि जुन्या गाडीत बदल करताना मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. पॉइंट्स झिजले की त्यांतील फट बदलते आणि तिच्यासोबत टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते. येथे घासणारा भागच नसल्यामुळे आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे चालणे) स्थिर राहते आणि थंड इंजिनही चटकन सुरू होते. मात्र १९६७ पर्यंतच्या गाड्यांत सहसा बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे ते न तपासता तारा जोडल्यास मोड्यूल जळू शकते. माहितीपत्रकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली आहे, हे मला अजिबात पटले नाही. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) सैल झाले असतील तर आधी ते बदलावेत. काढलेले पॉइंट्स आणि त्यांच्यासोबतचा कंडेन्सर हा विद्युत भाग डिकीत जपून ठेवावेत, कारण बंद पडलेले मोड्यूल रस्त्यावर दुरुस्त करता येत नाही.