त्या कागदावरचा डाग तीन दिवस वाळला नाही

आधी आकडा सांगते, म्हणजे लपवल्यासारखं वाटायला नको. घरबसल्या सुगंधी मिठाची पाकिटं भरायच्या कामात माझे 24,759 रुपये बुडाले. नोंदणी 499, पहिलं किट 4,200, दुसरं मोठं किट 14,500, 'परत मिळणारी' अनामत 5,000 आणि शेवटी 'लॅब तपासणी' 2,360. यातून मला मिळालेले 1,800 वजा केलेत. ते 1,800 म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं, हे आता कळतंय.

योजना तुम्ही ओळखलीच असेल. किट आम्ही देतो, घरी मिसळा, पाकिटं भरा, माल आम्हीच उचलतो. अगरबत्तीचं कुणी सांगितलं असतं तर मी हसून फोन ठेवला असता. पण हे होतं सुगंधी तेलं घातलेलं मीठ, स्वयंपाकाचं आणि आंघोळीचं. ते मी सहा वर्षं घरी करतेय. लिंबाची साल किसून वाळवायची, रोझमेरी चुरायची, जाड मिठात मिसळून बरणीत भरायची. आंघोळीचं मीठ वेगळं, त्याची बरणी वेगळी, फळीसुद्धा वेगळी. मैत्रिणी मागून नेतात. त्यामुळे यातलं आपल्याला कळतं, ही घमेंड होतीच. आणि पाकिटामागे 90 रुपये हा काही डोळे दिपवणारा आकडा नव्हता. महिन्याला दहा-बारा हजार सुटले तर हवे होते, यात लोभ कसला?

पहिल्या किटची 20 पाकिटं केली, त्यांनी उचलली, चौथ्या दिवशी 1,800 रुपये खात्यात. घरात सगळ्यांना मोबाइल दाखवला मी. मग मोठं किट. 40 किलो मीठ, 200 ग्रॅमची 200 पाकिटं, 18,000 रुपये येणार. अनामत माल दिल्यावर परत. पाठवले पैसे.

आता तो दिवस. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

खोकं उघडलं. तेलाच्या 12 बाटल्या, सगळ्या 100 मिलीच्या, सगळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या. बिलावर प्रत्येकीसमोर 350 रुपये. गुलाब 350, चंदन 350, लिंबू 350, निलगिरी 350. एक किलो गुलाबतेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. हे मी स्वतः लोकांना सांगत आलेय! आणि गुलाब अन् निलगिरी एकाच भावात बघून मला काय वाटलं असेल? वाटलं, घाऊक घेत असतील.

बरं, तिथेही थांबले नाही. सवयीने लव्हेंडरचा एक थेंब हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या पानावर टाकला. शुद्ध लव्हेंडर असेल तर दिवसभरात उडून जातं, कागदावर फारसं काही राहत नाही. (चंदनासारख्या जड तेलांना ही परीक्षा लावू नका, ती रेंगाळतातच.) दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर भज्यांखालच्या कागदासारखा पारदर्शक गोल डाग. तिसऱ्या दिवशीही तसाच, उलट मागच्या पानावर उतरलेला. त्याच पानावर वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात 'मोठं किट 14,500' लिहिलेलं. मी काय केलं? पान उलटलं. हवा दमट आहे म्हणाले. पैसे गेल्यावर माणूस आपल्या नाकाचंही ऐकत नाही. वासही चुकीचा होता हो, लव्हेंडर कमी आणि गाडीत टांगायच्या डबीसारखा जास्त.

फोनवर विचारलं, तर तिकडची बाई मधासारखी. "ताई, आपलं थेरप्युटिक ग्रेड आहे, म्हणून जाड वाटतं." ही 'थेरप्युटिक ग्रेड', म्हणजे औषधी दर्जा, कुठल्याही सरकारने ठरवलेली पातळी नाही, विकणाऱ्यांनी काढलेला शब्द आहे. तेही मला माहीत होतं. होतं!

त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं वाचा. आंघोळीच्या 200 ग्रॅम मिठाला 60 थेंब. म्हणजे साधारण 3 मिली. मी घरी त्या मापाला आठ-दहाच्या वर जात नाही, आणि तेही आधी चमचाभर बदाम तेलात कालवून, कारण ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत. मिठाने तर मुळीच नाही. वर तरंगतात आणि अंगाला जिथे लागतील तिथे चटका देतात. स्वयंपाकाच्या मिठाला त्याच बाटलीतलं तेल, त्यात निलगिरीसुद्धा. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर काही मिलीतच लहान मुलांना झटके येऊ शकतात. आंघोळीची आणि जेवणाची बाटली एकच ठेवणारा माणूस यातला नाहीच, हे तिथेच कळायला हवं होतं. निलगिरी मी स्वयंपाकाच्या एकाही पाकिटात घातली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

दोनशे पाकिटं भरली. अकरा दिवस, रात्री दोन-दोनपर्यंत. मग निरोप आला, नमुने नापास, सुगंध एकसारखा नाही, फेरतपासणीचे 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी. 2,360. इतका चोख हिशेब चोराचा असेल असं वाटेना. भरले. त्यानंतर फोन लागलेला नाही.

मग सुचलं सगळं शहाणपण. थर्माकोलच्या तुकड्यावर त्यांचं लिंबूतेल टाकलं, शेजारी माझं. माझ्याने तुकड्यात खळगा पडला, त्यांचं ढिम्म. लिंबाचं खरं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन, ते थर्माकोल खातं. म्हणून तर असली तेलं काचेच्या बाटलीत येतात. गुलाबी मिठाचे चार खडे पाण्यात टाकले, पाणी गुलाबी आणि खडे पांढरे. खनिज मिठाचा रंग लोहाचा असतो, तो विरघळत नाही, तळाला लालसर गाळ होऊन बसतो. एप्सम म्हणून दिलेल्या मिठाच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं. एप्सम, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट असतं तर दुधासारखा पांढरा साका धरला असता. जेमतेम धूसर झालं. साधं जाड मीठ! ही दहा मिनिटांची कामं पैसे भरायच्या आधी का केली नाहीत, हे मला विचारू नका. घरात विचारून झालंय.

आता पुढचं. पोलिसांत गेले. दीड तास बाकावर. मग, "तुम्हीच पाठवलेत ना पैसे? कुणी पिस्तूल लावलं होतं?" अर्ज घेतला, पोच द्यायला दुसऱ्यांदा बोलावलं. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी बँकेचं उत्तर येऊ दे. या दोन दारांमध्ये माझ्या चार खेपा झाल्या आणि रिक्षाचे 640 रुपये गेले, ते वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत. ग्राहक तक्रारीसाठी गेले तर खिडकीतल्या गृहस्थांनी कागद न वाचता सांगितलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. घरी आल्यावर वकील मैत्रीण म्हणाली, 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला सूट दिली आहे. ते वाक्य त्या गृहस्थांना ठाऊक नसावं की सांगायचं नसावं?

आणि सगळ्यात वाईट खाद्यपदार्थ खात्यात. मी पाकीट टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते उलटं केलं आणि बोट ठेवलं. 'उत्पादक' या शब्दापुढे माझं नाव, माझा पत्ता. स्टिकर त्यांनी छापून पाठवले होते, चिकटवले मी. दोनशे वेळा. "तुमची नोंदणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. पाकिटावरचा एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी हवा, मी तिथे उभ्या उभ्या मोजला, 13 भरले. तक्रार करायला गेले आणि खुलासा लिहून आले. फसवणाऱ्याचं नाव विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. माझं हातातच होतं ना!

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, बाकी रडणं नंतर. मी नवव्या दिवशी केला, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तेलाच्या बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल तर ती परत करा. 'परत मिळणारी अनामत' हे शब्द दिसले की उठून चालू लागा. दुसऱ्याने छापलेलं लेबल, ज्यावर तुमचं नाव आहे, ते कुठेही चिकटवू नका, फुकट दिलं तरी. आणि असलं मीठ कुणाकडून भेट आलं असेल तर जिभेला लावू नका.

पाकिटं अजून माळ्यावर आहेत. कुणाला देता येत नाहीत, झाडांना घालता येत नाहीत, आणि पावसाळी हवेने आतल्या आत ढेकळं झालीत.

काल भाचीने एक जाहिरात पाठवली, "मावशी, हे तुझ्या कामाचं आहे का बघ." घरबसल्या सुगंधी मीठ, नोंदणी फक्त 499. खाली पाकिटांचा फोटो. एका रांगेत वीस पाकिटं, आणि उजव्या कोपऱ्यात ओट्याची फुटकी फरशी. ओटा माझा आहे. पहिल्या खेपेचा फोटो मीच कौतुकाने पाठवला होता त्यांना.